उजवीकडचा तबला

माझं नाव मधुवंती. यात माझा काही दोष नाही. माझ्या जन्माच्या सुमारास बाबांना जो राग आवडून राहिला होता, तो मला चिकटला, एवढंच. धाकट्याच्या वेळेला आई अडून बसली म्हणून तो ऋषी झाला. नाहीतर त्याचा मारवा झाला असता आणि शाळेत पोट्ट्यांनी त्याला जगू दिलं नसतं.

तर हा ऋषी बंगलोरला राहतो आणि तिथून आमची काळजी करतो. त्याची काळजी खोक्यांतून येते. आधी बीपी मोजायचं यंत्र आलं, मग बिनतेलाचे वडे तळायचं आलं, मग पाय चोळायचं आलं. खोकी फोडायची मी, माहितीपत्रक वाचायचं मी, आणि महिनाभरानं ते माळ्यावर टाकायचंही मीच. कारण मी इंजिनिअर आहे ना. मिहानमधल्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर्धा रोडचा धूर खात स्कूटरवरून घरी यायचं, हे माझं आयुष्य. सासर सुटलं त्याला जमाना झाला. तेव्हापासून आई, बाबा आणि मी प्रतापनगरच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि घरात काही बिघडलं की तिघांपैकी दोघं माझ्याकडे बघतात.

यंदा चैत्रात, डांबर चपलेला चिकटून येईल अशा उन्हात, मोठमोठी खोकी आली. होम थिएटर. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

झालं असं होतं की, टीव्हीचा आवाज फार वाढवावा लागतो, अशी तक्रार आईनं ऋषीजवळ केली होती. शेजारच्या यमुताई एकदा दारात येऊन हसत म्हणाल्या होत्या, "सुमतीताई, आमचा टीव्ही आता आम्ही लावतच नाही, तुमचाच ऐकतो." ऋषीनं लगेच निदान केलं. टीव्हीचे स्पीकर फालतू असतात, संवाद स्पष्ट येण्यासाठी मधे एक वेगळा स्पीकर पाहिजे, मागे दोन पाहिजेत, आणि हे सगळं चालवायला एक मोठा डबा पाहिजे, त्याला रिसीव्हर म्हणतात. आवाज कोण वाढवतं, हे त्यानं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही.

अडचण ही की आमच्या हॉलमध्ये आधीच एक देवघर आहे. खरं देवघर स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे, हॉलमध्ये बाबांचा स्टिरिओ आहे. बाबांनी ऐन नोकरीत, आईच्या भाषेत पोरांच्या तोंडचं दूध काढून, घेतलेला. एक रेकॉर्डप्लेअर, एक वजनदार अॅम्प्लिफायर आणि छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. त्या दोघांच्या बरोबर समोर एक खुर्ची. तिचे चार पाय फरशीवर जिथे टेकतात तिथे आता खळगे पडले आहेत. ती हलवायची नाही. झाडतानाही नाही.

बाबा आम्हाला लहानपणी त्या खुर्चीत बसवून समजावायचे. दोन कान, दोन स्पीकर. डावीकडून तानपुरा येतो, उजवीकडून तबला येतो, आणि गाणारी बाई कोणत्याच स्पीकरमधून येत नाही, ती मधे हवेत उभी असते. "दिसली?" ते विचारायचे. मला दिसायची. खोटं कशाला बोलू, अजूनही दिसते.

दर रविवारी सकाळी तिथे बैठक असायची. पूर्वी चौघं होते. विश्वनाथकाका वारले, मधुसूदनकाका लेकीकडे बडोद्याला गेले, उरले बाबा आणि मागच्या गल्लीतले गोपाळकाका. दोघं एकाच ऑफिसात नोकरीला लागले, एकाच वर्षी रिटायर झाले. बैठकीचा नियम असा की मधली खुर्ची पाळीपाळीनं. ज्याची पाळी, त्यानं रेकॉर्ड निवडायची, त्यानंच सुई ठेवायची आणि मधे बसायचं. दुसऱ्यानं बाजूच्या वेताच्या खुर्चीत, उजव्या हाताला. आणि बैठक चालू असताना कूलर बंद. मे महिन्यातल्या नागपुरात कूलर बंद करून दोन म्हातारे बनियनवर घाम गाळत तोडी ऐकून राहिले आहेत, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही. पण कूलरच्या घरघरीत तानपुरा मरतो, असं बाबांचं म्हणणं, आणि ते स्वतः उठून बटण बंद करायचे.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास गोपाळकाकांच्या पाळीला त्यांचा हात थरथरला आणि सुई घसरली. कर्रकन आवाज झाला. वाईट झालं, पण जगबुडी नव्हती. रेकॉर्ड तपासली, ठीक होती. पुढच्या रविवारी मात्र बाबा म्हणाले की उजवा स्पीकर दबला आहे. तबला येतच नाही, आला तर गोधडीखालून येतो. गोपाळकाका म्हणाले, मला तर ऐकू येऊन राहिला आहे बुवा. झालं. बाबांनी नवी सुई आणवली. वायरी बदलवल्या. उजवा स्पीकर ऑटोत घालून सीताबर्डीला दाखवायला नेला. दुकानदार म्हणाला, काका, हा आपल्या दोघांपेक्षा ठणठणीत आहे. तरी तबला येईना. शेवटी एका रविवारी बाबा गोपाळकाकांना तोंडावर म्हणाले, "तू त्या दिवशी सुई आपटलीस तेव्हाच काहीतरी जाळलंस. कबूल कर ना एकदा."

गोपाळकाकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, चप्पल घातली आणि गेले. परत आले नाहीत. रस्त्यात दिसले तर बाबा फुटपाथ बदलायचे. रविवारी सकाळी एकटेच मधल्या खुर्चीत बसायचे, एक बाजू ऐकायचे आणि उठायचे. दुसरी बाजू लावतच नसत. बाबांना गोपाळकाकांशिवाय गाणं पचत नव्हतं, हे घरातल्या पालीलाही कळत होतं. आणि तोडणारे तेच होते.

त्यामुळे खोकी आली तेव्हा मला वाटलं, आता महाभारत होणार. हॉल एवढासा, त्यात दोन सिस्टिम मावणार नाहीत. ऋषीचा बेत असा की जुनं-नवं जोडायचं. पुढचे दोन स्पीकर बाबांचेच, त्यांना ताकद बाबांच्याच अॅम्प्लिफायरची, पण हुकूम नव्या डब्याचा. टीव्ही असो की रेकॉर्ड, सगळं आधी नव्या डब्यात जायचं आणि त्यानं ते वाटून द्यायचं. बाबा हे ऐकूनच घेणार नाहीत, अशी माझी खात्री होती. मनातून मला तेच हवं होतं. खोकी तशीच माळ्यावर गेली असती.

पण बाबा म्हणाले, "जोड."

कारण ऋषीनं फोनवर त्यांना एक गोष्ट सांगितली होती. नव्या डब्याबरोबर एक छोटा माइक येतो. तो आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग यंत्र प्रत्येक स्पीकर वाजवून बघतं आणि कोणता कमी, कोणता जास्त, कोणात दोष, ते पडद्यावर लिहून दाखवतं. बाबांचे डोळे लकाकले. त्यांना गोपाळकाकांविरुद्ध पुरावा मिळणार होता.

शनिवारी दुपारी मी जमिनीवर बसून वायरी सोलल्या, खोचल्या, कपाटामागे डोकं घालून जुनी धूळ खाल्ली. ऋषी मोबाइलमधून उंटावरून शेळ्या हाकून राहिला होता. "ताई, लाल वायर लालमध्ये." मी म्हटलं, "तू ये इथे आणि घाल लाल लालमध्ये."

शेवटी माइक मांडला. सुपारीएवढा. बाबांच्या कानाच्या उंचीवर यावा म्हणून मधल्या खुर्चीत पाट, पाटावर पिठाचा डबा, डब्यावर लोणच्याची बरणी आणि बरणीवर तो. कूलर बंद, पंखा बंद, कोणी बोलायचं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. एकेक स्पीकर फुर्रर्र करून वाजला. मग टीव्हीवर आकडे आले.

"बघा," बाबा म्हणाले. "उजवा."

उजवा खरंच वेगळा होता. पण कमी नव्हता. डाव्यापेक्षा कितीतरी जास्त वाजत होता.

"ताई, जुन्या अॅम्प्लिफायरचा बॅलन्स बघ," ऋषी म्हणाला.

मी बघितलं. डावं-उजवं सारखं ठेवायचं ते बटण उजवीकडे पार टोकापर्यंत फिरवलेलं होतं. अॅम्प्लिफायरवर सगळीकडे बारीक धूळ, त्या एका बटणावर नाही.

"बाबा, हे कोणी फिरवलं?"

"गोपाळनं फिरवलं असेल."

गोपाळकाका त्या भांडणानंतर या घरात आले नव्हते. मी बटण मधे आणलं आणि यंत्राला परत सगळं मोजायला लावलं. फुर्रर्र, फुर्रर्र. आकडे आले. डावा-उजवा तंतोतंत सारखे. दोष कशातच नाही.

मी बरणी, डबा, पाट काढला आणि बाबा बसले. त्यांनी स्वतः रेकॉर्ड लावली. थोडं ऐकलं आणि मान हलवली. "उजवा मेलेला आहे. यंत्राला काय कळतं."

"वाजून राहिला आहे हो," आई म्हणाली. "मला इथवर तबला येतो आहे."

"तुला काय कळतं," बाबा म्हणाले. म्हणजे यंत्र आणि आई एकाच पंगतीत बसले.

तेव्हा मला शंका आली. मी रेकॉर्ड थांबवली आणि म्हटलं, बाबा, डोळे मिटा. मी एकेक स्पीकर वाजवते, आवाज कुठून येतो ते बोटानं दाखवा. त्या डब्यात तशी सोय असते. डावा वाजवला, त्यांनी डावीकडे बोट केलं. मागचा डावा वाजवला, त्यांनी मागे डावीकडे केलं. मग मी उजवा वाजवला. ते थांबले. मान थोडी फिरवली. मग बोट डावीकडे गेलं. मागचा उजवा वाजवला. तरी डावीकडे. ठामपणे, शाळेत हात वर करणाऱ्या हुशार पोरासारखं.

मोबाइलमध्ये ऋषी दिसत होता. त्याचा चेहरा उतरला. "ताई, नंतर बोलू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बाबांनी डोळे उघडले. "किती बरोबर?"

"सगळे," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला माहीत नाही. थकले होते. दुसरं काही सुचलं नाही.

स्वयंपाकघरात आई कैरी किसत होती. मी दार लोटलं आणि म्हटलं, "आई, बाबांचा उजवा कान गेला आहे."

"मग?" आई म्हणाली. किसणी थांबली नाही. "दोन वर्षं झाली. मी बाजू बदलली ना. आधी त्यांच्या उजवीकडे झोपायची, आता डावीकडे झोपते. रात्री काही दुखलंखुपलं तर सांगायला नको?"

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू काय करणार होतीस? कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं मी. दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरले. म्हणे पार्किंग नाही. ऑटोनं गेलो होतो आम्ही." तिनं कीस ताटलीत झटकला. "त्यांना म्हणून बघितलं, मशीन लावू. म्हणाले, कानात डबडं घालून गाणं ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं. पालथ्या घड्यावर पाणी. मी हात टेकले."

"पण मग गोपाळकाकांचा काय दोष?"

आई आता थांबली. "त्यांचा काहीच नाही," ती म्हणाली. "त्याचंच वाईट वाटतं. सुई तेव्हाच घसरली, यांना तेव्हाच नीट जाणवलं, आणि खापर फोडायला डोकं मिळालं. नाचता येईना, अंगण वाकडं."

हॉलमध्ये बाबा स्पीकरच्या जाळीला डावा कान लावून बसले होते. पाठीचा कणा दिसत होता बनियनमधून. मला राग आला होता त्यांचा, भयंकर. आणि त्याच वेळी वाटलं, हा माणूस रोज सकाळी त्या बटणाला थोडं थोडं उजवीकडे नेत असेल, कोणी बघत नाही असं बघून. रडू यायला लागलं. मी नळ सोडून तोंड धुतलं.

उपाय माझ्या हातात होता, हेच वाईट. त्या डब्याच्या यादीत एक सोय असते, मोनो. ती लावली की दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र कालवून दोन्ही स्पीकरमधून सारखंच येतं. डाव्यातून तानपुराही आणि तबलाही. बाबांच्या चांगल्या कानाला सगळं मिळालं असतं. यादी टीव्हीच्या पडद्यावर उघडते, बाबा तिच्या वाटेला जाणार नाहीत. पण मग बाबांना वाटणार, सेट दुरुस्त झाला. म्हणजे सेटच बिघडला होता. म्हणजे गोपाळकाकाच गुन्हेगार. आणि मी खरं सांगितलं, तर बाबा त्या खुर्चीत परत बसणार नाहीत. मी त्यांना ओळखते. दोन कानांचा धर्म त्यांनीच आम्हाला शिकवला, एका कानानं ते देवळात पाय ठेवणार नाहीत.

दिवेलागणीला मी रेकॉर्डपुरतं मोनो लावलं. विचार करून ठरवलं असं नाही. उद्या रविवार होता, ऑफिसचं काम साठलं होतं, आणि मला भांडायचं त्राण नव्हतं.

"बाबा, एक वायर सैल होती," मी म्हटलं. "कपाटामागे. काकांच्या सुईचा काही संबंध नव्हता. आता ऐका."

त्यांनी सुई ठेवली. तानपुरा आला, बाईंचा सूर आला, आणि मग तबल्याचा पहिला ठेका पडला. बाबांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ नुसता तो हात सम आली की खाली यायचा आणि परत वर जायचा. आई दारात येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"आला," बाबा म्हणाले. "तबला आला, मधू."

रेकॉर्डची ही बाजू संपली. त्यांनी उठून दुसरी लावली, त्या भांडणानंतर पहिल्यांदा. तीही संपल्यावर म्हणाले, "गोपाळकडे जाऊन ये."

"काय सांगू?"

"सांग, दुरुस्त झाला. उद्या ये. पाळी त्याचीच आहे." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि सांग, मी माफ केलं."

"बाबा, वायर सैल होती म्हटलं ना मी. काकांनी काही केलं नव्हतं."

"वायर त्यानंच ओढली असेल."

मी अंगावर ओढणी टाकली आणि मागच्या गल्लीत गेले. चालताना ठरवलं होतं की काकांना सगळं खरं सांगायचं. गोपाळकाका गच्चीवर झाडांना पाणी घालून राहिले होते. मला बघून पाइप बाजूला ठेवला, पण नळ बंद केला नाही.

"काका, सेट दुरुस्त झाला. बाबांनी उद्या बोलावलं आहे. पाळी तुमची आहे."

"काय झालं होतं?"

"वायर."

"अस्सं. मग अनंता काय म्हणाला?"

मी खोटं बोलू शकले असते. एका दिवसात चौथ्यांदा खोटं बोलायची माझ्यात ताकद राहिली नव्हती. "म्हणाले, माफ केलं."

काकांनी नळ बंद केला. "मला?"

"हो."

"माफ केलं. मला." ते हसले नाहीत. "मधू, माझ्या हातून आजवर कोणाची रेकॉर्ड खराब झाली नाही गं. एकदा सुई घसरली. एकदा. त्यानं मला चोर केलं. घरी येऊन जेवलो नाही मी त्या दिवशी."

आता सांगावं, असं वाटलं. तोंडही उघडलं. पण बाबांच्या कानाची गोष्ट बाबांच्या मित्राला बाबांच्या आधी सांगणं, तेही गच्चीवर उभं राहून, मला जमलं नाही. "तुम्ही या, काका," एवढंच म्हटलं. "ते तुमच्याशिवाय दुसरी बाजू लावत नव्हते."

काका कुंड्यांकडे बघत राहिले. येतो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

घराच्या दारापाशी पोचले तेव्हा आत आई मालिका बघत बसली होती. मालिकेत कोणीतरी घंटी वाजवली, ती मागच्या स्पीकरमधून वाजली, आणि आई उठून आमचं दार उघडायला गेली. दारात मी. "तूच वाजवलीस ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार. मधल्या खुर्चीवरची धूळ स्वतः पुसली. वेताची खुर्ची तिच्या जागेवर, उजव्या हाताला, ठेवली. आईनं पोहे केले, कोपऱ्यावरून त्यावर घालायला झणझणीत तर्री आणवली. नेहमीची वेळ टळून गेली. बाबा गॅलरीत दोनदा जाऊन आले आणि म्हणाले, ऊन फार आहे आज. मग जिन्यात चपलांचा आवाज आला. मला आला, आईला आला. बाबांना घंटी वाजल्यावर कळलं.

"ये," बाबा म्हणाले.

"आलो," काका म्हणाले. झाला एवढाच समेट. बाबा उठले आणि कूलर बंद केला.

काकांनी रेकॉर्ड निवडली, तीच तोडी, आणि सुई ठेवताना डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. अलगद ठेवली. मग मधल्या खुर्चीत बसले. बाबा वेताच्या खुर्चीत, अंगठ्यानं बोटांवर मात्रा मोजत. मी कपाटाजवळ उभी होते. काकांचे दोन्ही कान शाबूत होते, हे मला तेव्हा आठवलं. आदल्या दिवशी आठवलंच नव्हतं. इतकी मी हुशार.

पहिला ठेका पडला आणि काकांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी डाव्या स्पीकरकडे बघितलं, मग उजव्याकडे. तबला उजवीकडे नव्हता, तानपुरा डावीकडे नव्हता, सगळे एकाच ठिकाणी दाटीवाटीनं बसले होते. बाई हवेत एकटी उभी नव्हती. ज्यानं ही रेकॉर्ड शेकडो वेळा त्याच खुर्चीत बसून ऐकली, त्याला हे कळायला सम येईपर्यंतही वेळ लागला नसेल.

"कसा आहे तबला?" बाबांनी विचारलं.

काका काही बोलले असावेत. हलक्या आवाजात. ते बाबांच्या डावीकडे होते, तरी बाबांचं लक्ष गाण्यात होतं. मग काका वळून माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. ते उठले, पाणी हवं म्हणाले आणि स्वयंपाकघरात आले. मी मागे गेले.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं, आई म्हणते. बाबा मानत नाहीत."

आईनं त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "दोन वर्षं मी त्याच्या उजवीकडे बसून बडबडून राहिलो," ते म्हणाले. "मला वाटायचं, हा मला उत्तर का देत नाही. मी घरी जाऊन म्हणायचो, अनंता फार मोठा झाला आता." मग पन्हं न पिताच पेला ओट्यावर ठेवला. डोळे पुसले, सदऱ्याच्या बाहीनं, उघड उघड. "गाढव आहे," ते म्हणाले. कोणाला, ते मी विचारलं नाही.

ते हॉलमध्ये परत गेले तेव्हा बाजू संपली होती. बाबा सुई उचलून उभे होते.

"अनंता," काका म्हणाले, बाबांच्या समोर येऊन, तोंडासमोर. "माझ्याच हातून झालं होतं ते. सुई घसरली तेव्हा. मी मानलं नाही."

हे ऐकण्यासाठी बाबा दसऱ्यापासून अडून बसले होते. आता ते, बघ, मी म्हणत नव्हतो, असं म्हणणार, याची मी वाट बघत राहिले. बाबांनी फक्त रेकॉर्ड उचलली. ती हातात धरून उभे राहिले. मग तिच्यावर फुंकर मारली, जी मारायची गरज नव्हती.

"जाऊ दे," ते म्हणाले. "एवढं काही नव्हतं झालं."

"तू बस मधे. दुसरी बाजू तुझी."

"पाळी तुझी आहे."

"बस म्हणतो ना."

बाबा मधल्या खुर्चीत बसले. काकांनी वेताची खुर्ची उचलली, जी दर रविवारी बाबांच्या उजव्या हाताला असायची, आणि ती उचलून, खुर्चीमागून फिरून, डाव्या हाताला आणून ठेवली. जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. बाबांनी मान वळवून आधी खुर्चीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काहून रे? इकडे काहून?"

काकांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली. मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. "इकडे कूलरची हवा चांगली लागते," ते म्हणाले.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिडकीतल्या कूलरकडे बघितलं. सकाळी तो त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला होता.

"हो," बाबा म्हणाले. "तिकडे लागते."